भरलेली वजा रिकामी

वेळग्याच्या वजनकाट्यावर बाबांनी एकतीस वर्षं
एकच गणित केलं:
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी.
उरलं ते खनिज.
कायतानच्या ट्रकचा रिकामा आकडा त्यांना पाठ होता,
तो जेवून आला असेल तर तेवढंही कळतं, म्हणायचे.

धूळ मात्र कुणी मोजली नाही.
ती पोफळींच्या झावळ्यांवर होती, विहिरीच्या रहाटावर होती,
दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्याला
न विचारता रंग देऊन जायची.
शाळेतून येताना मी फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक
दोऱ्याला बांधून रस्त्यावरून ओढत आणायचे.
घरी पोचेपर्यंत त्याला दाढी फुटायची.

खाण बंद पडून बारा पावसाळे झाले.
आता रात्री मागच्या खोलीत
दूरच्या एका डोंगरावरून माझ्याकडे ताऱ्यांचे आकडे येतात.
तिथं दुर्बिणीमागची काच कुणीतरी फिरवतं:
शून्य, साडेबावीस, पंचेचाळीस, साडेसदुसष्ट.
चार वेळा तोच तारा,
चार वेळा किंचित वेगळा उजेड.
फरक शेकडा एक. कधी अर्धा.
त्या फरकावर माझं पोट आहे.

बाबा विचारतात, कितें मेजता गो?
मी म्हणते, धूळ.
ते हसतात, मग खोकतात, याच क्रमाने.

सांगते त्यांना, ताऱ्याचा उजेड निघताना
सगळीकडून सारखाच थरथरत असतो.
वाटेत ही धूळ, उदबत्तीच्या धुराहून बारीक,
पण कण लांबुडके, तांदळासारखे,
आणि थोडं लोखंड बहुधा त्यांच्यातही.
तिथं एक चुंबकक्षेत्र पसरलंय,
आपल्या फ्रिजवरच्या त्या माशाच्या चुंबकाच्या
कोटीव्या हिश्शाइतकं दुबळं.
तरी कण त्याचं ऐकतात.
त्याला आडवे राहून गरगरतात,
उजेडातली आडवी थरथर थोडी खातात,
क्षेत्राच्या बाजूची पुढे सोडतात.
ती आपल्यापर्यंत येते. जिकडे तिचा कल, तिकडे क्षेत्र.

क्षेत्र कुणी पाहिलेलं नाही.
धूळ नसती तर इथून कळलंही नसतं.
हे शेवटचं वाक्य मी त्यांना सांगत नाही.
बांबोळीला डॉक्टरीणबाईंनी
त्यांची छाती खिडकीच्या उजेडाला धरली होती.
पांढरे ठिपके, वरच्या भागात दाट.
मी मनात त्यांचे गट पाडायला लागले होते.
लाज वाटली.

काल जेवताना, बांगड्याचा काटा काढता काढता, म्हणाले,
धूळ जवळची की लांबची ते कसं कळतं?
एकामागे एक दोन ढग असले तर?
मी म्हटलं, दोन तारे घ्यायचे.
एक पहिल्या ढगाच्या पुढचा, एक दोन्हींच्या पलीकडचा.
लांबच्याचा कल घ्यायचा, त्यातून जवळच्याचा
त्यांचा घास हातातच राहिला.
भरलेली वजा रिकामी, म्हणाले.

हो.

मग हात धुऊन, चष्मा पुसून, खुर्ची ओढून बसले.
मी आकडे वाचत गेले, ते वजा करत गेले,
माझ्या संगणकाच्या मागे फक्त एक पाऊल.
अकराव्या ओळीला अडलो.
लांबच्या ताऱ्याचा उजेड जवळच्याहून कमी कललेला.
जास्त धुळीतून आला आणि कमी?
मी ओळ खोडायला निघाले.

खोडू नको, म्हणाले.
काट्यावर भरलेली गाडी रिकामीहून हलकी आली
तर मी शिक्का मारत नसे.
खाली उतरून गाडीभोवती फिरून यायचो.

मी उतरले. फिरून आले.
मागच्या ढगातलं क्षेत्र
पुढच्याला जवळजवळ काटकोनात होतं.
एकानं जे अडवलं नव्हतं
ते दुसऱ्यानं अडवलं,
आणि उजेड पुन्हा साधा दिसायला लागला,
वाटेत काहीच नव्हतं असा.

नकाशात त्या चौकोनात मी दोन रेघा काढल्या,
एकमेकींवर आडव्या.
बाबांनी नाक पडद्याला लागेल इतकं वाकून पाहिलं.
आता मार शिक्का, म्हणाले.